खाडीपलीकडचा ठिपका

देवनारला राहतो असे सांगितले की ऐकणारा क्षणभर नाक मुरडतो. त्याला देवनारच्या दोनच गोष्टी ठाऊक असतात : 1927 पासून साठत आलेला कचरा आणि 1971 पासूनचा कत्तलखाना. टाटांची समाजविज्ञान संस्था 1954 पासून येथेच आहे आणि आमच्यासारखी पापभीरू माणसेही येथे हप्ते फेडीत सुखाने नांदतात, हे त्याच्या गावीही नसते. मीही आता तो वाद घालीत नाही. मात्र तीन वर्षांपूर्वी, ऐन श्रावणात, इमारतीखाली उभी असलेली माझी मोटारसायकल चोरीला गेली, तेव्हा "देवनारला राहता ना, मग काय!" असे जो तो म्हणाला आणि मला ते फार लागले. जणू दादर-पार्ल्यात गाड्या नुसत्या ओवाळून ठेवलेल्या असतात!

खरे दुःख निराळेच होते. मी काटकसर म्हणून फक्त 'थर्ड पार्टी' विमा उतरविला होता. त्या विम्यात आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून मिळते. आपलीच गाडी कोणी नेली तर छदामही मिळत नाही. हे ज्ञान मला चौकीवर तक्रार नोंदवून आल्यावर, कपाटातून कागद काढताना झाले. सौभाग्यवती काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरे वाटले असते.

गेल्या दिवाळीच्या पाडव्याला पुन्हा गाडी घेतली. या वेळी विमा पुरा उतरविला. गाडी नावाला माझी, पण चालविणार चिरंजीव. त्याची नुकतीच नोकरी लागली होती, शिवाय रात्री कसल्याशा परीक्षेचा अभ्यास मानखुर्दच्या मित्राकडे बसून चालला होता. मी एकच अट घातली : रात्री गाडी घेऊन वाशीच्या पुलावर जायचे नाही. तिथे रात्री ट्रक कसे धावतात ते मी पाहिले आहे. "नाही जाणार, बाबा," तो म्हणाला. विषय तिथेच संपला.

चोराची धास्ती मात्र संपली नव्हती. म्हणून गाडीचा ठावठिकाणा सांगणारे यंत्र घ्यायचे ठरविले आणि एखाद्या उपवर मुलीच्या बापाप्रमाणे चौकशा आरंभल्या. एक असते ती बटणाएवढी चकती. ती स्वस्त, पण तिला स्वतःला काहीच करता येत नाही. आसपासच्या लोकांच्या फोनांनी तिची दखल घेतली तरच तिचा पत्ता लागतो. शिवाय अनोळखी चकती आपल्याबरोबर फिरते आहे, असा इशारा आता फोनच देतात. म्हणजे चोरालाही तो मिळायचा! दुसरे यंत्र स्वतःच्या बॅटरीवर चालणारे. ते चार्ज करायला आठवण राहिली पाहिजे, आणि आमच्या घरी सर्वांची आठवण मिळून एकीलाच आहे. तिसरे, गाडीच्या तारांना जोडून आसनाखाली दडविण्याचे. मी हेच घेतले. अडीच हजार रुपये पडले, पुढच्या वर्षापासून सेवेची वर्गणी वेगळी.

घेताना चार गोष्टी शिकलो, त्या वाचकांच्या उपयोगी पडतील म्हणून सांगतो. यंत्र मुंबईच्या पावसात टिकणारे हवे. चोराने तारा तोडल्या तरी काही वेळ बोलत राहील अशी छोटी बॅटरी त्याच्या पोटात हवी. ते केवळ जुन्या 2जी सेवेवर चालणारे असेल, तर ती सेवाच नसलेल्या कंपनीचे सिमकार्ड त्याला निरुपयोगी. आणि गाडी उभी असताना ते झोपले पाहिजे, नाहीतर गाडीची बॅटरी गिळून बसते. दुकानदार दूरवरून इंजिन बंद करण्याची कळही घ्या म्हणत होता. मी नको म्हटले. धावत्या गाडीचे इंजिन मध्येच बंद पडले तर चोर पडेलच, पण मागून येणाऱ्याचे काय? ठिपका दिसला तर तो पोलिसांना दाखवायचा, आपण त्याच्यामागे धावायचे नाही, हेही मनाशी ठरविले.

जाताजाता दुकानदार हळूच म्हणाला, "साहेब, कुठं बसवलंय ते कुणाला सांगू नका. घरातसुद्धा नको." हा सल्ला मी तंतोतंत पाळला. इतका, की गाडी चालविणाऱ्यालाही सांगितले नाही.

पहिले काही दिवस मोठ्या मौजेचे गेले. कचेरीत बसून फोन उघडावा, तो नकाशावर गाडीचा निळा ठिपका. आता चेंबूर, आता गोवंडी स्टेशन. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह माझ्या गाडीची काळजी वाहतात, या कल्पनेने ऊर भरून येई. कधी गाडी दारात उभी असता ठिपका शेजारच्या सोसायटीत शिरे. तेव्हा मी हसून सोडून देई. मात्र हळूहळू माझी नजर बदलली. गाडी सुखरूप आहे की नाही हे पाहण्यासाठी फोन उघडीत होतो, तो आता चिरंजीव कुठे आहेत हे पाहण्यासाठी उघडू लागलो. हा फरक माझ्या ध्यानात आला नाही.

माघातली एक रात्र. अकरा वाजून चाळीस मिनिटे. ठिपका वाशीत होता.

मी अंथरुणावर उठून बसलो. पुन्हा पाहिले, वाशीच. साडेबाराला तो आला. "कुठे होतास?" "मानखुर्दला, अभ्यासाला." "खोटं बोलू नकोस. तू वाशीला होतास." "मी मानखुर्दला होतो, बाबा." मी फोन त्याच्या पुढ्यात धरला. त्याने ठिपक्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "हे कधी बसवलंत?" त्याने विचारले. मी म्हणालो, "ते विचारायची ही वेळ नाही." त्याने खिशातली किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि तो आत निघून गेला.

आठ दिवस तो गोवंडीहून लोकलने जात-येत होता. माझ्याशी बोलणे जेवणापुरते. आसनाखालच्या यंत्राला रोज रात्री एकच ठिकाण दाखवायचे काम उरले : आमचा वाहनतळ.

नवव्या दिवशी सौभाग्यवती म्हणाली, "त्या यंत्राबरोबर एक पुस्तिका आली होती. ती वाचलीत का?" वाचली नव्हती. चष्मा लावून बसलो. प्रत्येक ठिपक्याशेजारी एक बारीक खूण असते. उपग्रहाची खूण असली तर जागा उपग्रहांवरून काढलेली, मनोऱ्याची खूण असली तर नुसती मोबाइलच्या टॉवरवरून. या यंत्राचा कानच उपग्रहांकडे असतो. निदान चार उपग्रह एकाच वेळी ऐकू आले, तर त्यांचे संदेश पोहोचायला किती वेळ लागला यावरून ते आपली जागा ठरविते. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी जागा तीनशे मीटरनी चुकते. इमारतीखाली उभ्या गाडीला आकाश दिसत नाही, उपग्रह ऐकू येत नाहीत. मग हे बिचारे ज्या टॉवरशी संधान जुळले असेल त्याचाच पत्ता आपला म्हणून सांगते.

मी त्या रात्रीची नोंद काढली. 11.36 : मानखुर्द. 11.40 : वाशी. 11.42 : मानखुर्द. 11.44 : वाशी. वेग, सगळीकडे शून्य. माझ्या मुलाने आठ मिनिटांत ठाण्याची खाडी तीनदा ओलांडली होती, आणि तीही गाडी जागची न हलविता! मित्राची इमारत खाडीच्या बाजूला. पाण्यावर आडवे येणारे काही नाही, त्यामुळे पलीकडचा टॉवर अलीकडे सहज ऐकू येतो. वाशीच्या त्या ठिपक्याशेजारी मनोऱ्याची खूण पहिल्यापासून होती. मला ती दिसली नव्हती, कारण मला दिसायचे ते आधीच दिसले होते.

आमच्या पिढीतल्या बापाला मुलाची माफी मागण्याचा सराव नाही. माझ्या वडिलांनी माझी कधी मागितली नव्हती, तेव्हा पाठ गिरविणार तरी कुठला? रात्री तो जेवायला बसला तेव्हा मी ती नोंद त्याच्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हणालो, "माझी चूक झाली." त्याने नोंद वाचली. थोडा हसला. मग म्हणाला, "यंत्र चुकलं याचं काही नाही, बाबा. पण ते तुम्ही गाडीवर बसवलं नव्हतंत. माझ्यावर बसवलं होतंत."

यावर मला उत्तर सुचले नाही, आजही सुचलेले नाही. सौभाग्यवतीने त्याला आणखी भात वाढला. जेवण झाल्यावर मी किल्ली त्याच्या हाती दिली आणि त्या यंत्राचा सांकेतिक शब्दही सांगितला. आता ठिपका दोघांच्या फोनवर असतो.

परवा रात्री दोन वाजता दोघांचेही फोन एकदम केकाटले : गाडी हलते आहे! आम्ही बापलेक चपला न घालता जिने उतरलो. खाली गुरखा पाण्याच्या टँकरला वाट करून देण्यासाठी गाडी बाजूला ओढीत होता. आम्हाला पाहून तो म्हणाला, "साहेब, नुसती हाक मारायची ना! मी इथंच असतो." रात्री दोनला आम्ही तिघे टँकरच्या उजेडात उभे राहून हसत होतो.

आता ठिपका पाहत नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. उशीर झाला की फोन उघडतो, पाहतो. परवाही तो वाशीत दिसला. मी चष्मा लावून शेजारची खूण पाहिली, मनोऱ्याचीच होती. तरीही फोन केला. "कुठे आहेस?" "मानखुर्दला. निघतोच आहे." "सावकाश ये," मी म्हणालो, आणि दिवा मालवला.