झिजलेला झाडू आणि मधाचा थेंब



रत्नागिरीत पाहुणा आला की थिबा पॅलेस दाखवायचा, हे ठरलेलंच. थिबा राजाच्या कबरीकडे मात्र फारसं कुणी वळत नाही. ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजाला इंग्रजांनी 1886 साली इथे आणून ठेवलं, 1916 साली तो इथेच वारला. गेल्या महिन्यात सासूबाईंनी हट्टाने ती कबर पाहिली आणि रिक्षात बसताना यांना म्हणाल्या, "माझ्यामागे माझ्या नावाचं काही बांधू नकोस. हार घातलेला मोठा फोटोसुद्धा नको." हे गप्प. सासूबाईंचं हृदय थकलंय असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून हा विषय निघाला की हे उठूनच जातात.

लेक चित्रकला शिकते. तिने आजीला मोबाइलवर अठराव्या शतकातली युरोपातली छापचित्रं दाखवली. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने ओरखडायचं, पत्रा आम्लात सोडायचा. ओरखड्याच्या जागी तांबं खाल्लं जातं, तिथे शाई भरते. रोममध्ये पिरानेसी अशा कबरी छापायचा. 1756 साली त्याने रोमच्या प्राचीन अवशेषांवर चार खंड काढले, त्यातले दोन कबरींचेच! प्रवासी त्याची चित्रं आठवण म्हणून घरी न्यायचे. (आपण महाबळेश्वरहून चपला आणतो.)

मला मात्र इंग्लंडच्या होगार्थचं चित्र सोडवेना. 1764 सालचं, आणि त्याच वर्षी तो गेला. त्यात खुद्द काळच मरायला टेकलाय. कोयता मोडका, वाळूचं घड्याळ फुटकं, तोंडातून चिलमीचा शेवटचा धूर. भोवती थडगं, तडकलेली घंटा, फुटकी बाटली, रिकामी थैली आणि बुडख्यापर्यंत झिजलेला झाडू.

"झाडू पुरता वापरला हो त्या घरच्या बाईने," सासूबाई हसल्या. मग म्हणाल्या, "पण यात सगळं संपलंय. आपल्या मधुबिंदूतला माणूस अजून लोंबकळतोय."

मधुबिंदूचं चित्र तुम्ही मंदिरात पाहिलं असेल. विहिरीत पारंबी धरून लटकलेला माणूस, वर हत्ती, खाली अजगर, पारंबी कुरतडणारे एक काळा, एक पांढरा उंदीर. विद्याधर विमान घेऊन येतो, हात देतो, आणि हा म्हणतो, थांबा, मधाचा अजून एक थेंब. लहानपणी मला त्या उंदरांची भीती वाटायची. आता ताटकळलेलं विमान बघवत नाही.

सासूबाईंनी कपाट काढलंय. साड्या वाटून झाल्या, पितळेचे डबे लेकीला दिले. रोज दुपारी यांना म्हणतात, "बस रे जरा, एक पान वाचून दाखव." यांना नेमकं तेव्हाच दुकानात काम निघतं.

काल हे लवकर आले. वाचलं काही नाही, पण बसले.