बाबांबरोबर मांडवीकाठी

डिसेंबरातला रविवार होता. माझी परीक्षा संपली होती. "सायकलवरून फिरून येऊया का?" असं बाबांना विचारलं खरं, पण ते नाही म्हणणार याची मला खात्री होती. रात्रपाळीचा वॉचमन रविवारी सकाळी झोपतो. पण बाबा उठले, आपल्या जुन्या सायकलच्या चेनला तेल घातलं आणि म्हणाले, "चल."

वाट मी ठरवली होती. नार्व्याहून फेरीबोटीने दिवाडी, तिथून जुने गोवे, मग नदीच्या काठाने रायबंदर आणि चोडण-मयेमार्गे घरी. घाई नाही, शर्यत नाही. मोबाइलच्या नकाशावर फक्त निळी नदी दिसत होती. ती बाबांची रोजची कामाची वाट होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

बाबा बार्जवर खलाशी होते. खनिज भरायचं आणि मांडवीतून मुरगाव बंदरापर्यंत न्यायचं. 2012 मध्ये खाणी थांबल्या तेव्हा मी पहिलीत होते. मधे थोडं सुरू झालं, 2018 मध्ये पुन्हा बंद. त्यानंतर आमच्या घरात नदीचा विषयच निघेना. कॉलेजच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' आला की बाबा म्हणायचे, "लिही काहीतरी." मी 'खासगी नोकरी' लिहायची.

नार्व्याला सप्तकोटेश्वरासमोर हात जोडले. हा देव मूळचा दिवाडीचा. पोर्तुगीज काळात तिथलं देऊळ पाडलं गेलं आणि देव नदी ओलांडून इकडे आला. 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला, हे शाळेत शिकले होते. बाबा एवढंच म्हणाले, "नदी ओलांडल्याशिवाय इथे कुणाचं भागलंय?"

दिवाडीचा रस्ता सायकलसाठीच केल्यासारखा. दोन्ही बाजूंना खाजन शेतं, शेतांत बगळे, घरांच्या व्हरांड्यांत नाताळची कागदी नक्षत्रं. एका बांधावर बाबा थांबले. "हा मानस बघ. भरती आली की पाण्याच्या जोराने याची दारं आपोआप मिटतात, सुकतीला उघडतात. म्हणून खारं पाणी शेतात शिरत नाही." मी सायकल धरून ऐकत राहिले. बाबा सलग इतकी वाक्यं बोलल्याचं मला आठवत नव्हतं. पुढे एका गाड्यावर पातळ भाजी आणि गरम उंडे खाल्ले. पैसे त्यांनीच दिले.

जुन्या गोव्याला जाणाऱ्या फेरीत चढलो, तेव्हा दोर सोडणारा खलाशी बाबांकडे बघतच राहिला. "तूं बार्जार आसलो न्हय रे?"

माझ्या पोटात गोळा आला. आता बाबांचा चेहरा पडणार असं वाटलं. पण ते हसले. "आसलों," म्हणाले. मग दोघांनी कोण कुठे गेला, कुणी रिक्षा घेतली, कुणी परदेशातली बोट धरली, याची उजळणी केली. पैलतीर कधी आला कळलंच नाही.

रायबंदरच्या वाटेवर काठाला एक गंजलेली बार्ज दिसली. मी मुद्दाम पॅडल जोरात मारलं. मागे पाहते तर बाबा उतरून उभे.

"बाबा, मी ही वाट निवडायला नको होती."

"का? ही आमची बार्ज नव्हे. आमची मोठी होती." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पावसाळ्यात आग्वादच्या मुखाशी समुद्र खवळतो. तेव्हा कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरायचं. अरुंद वाट, काळोख, वर पाऊस. एकदाही टेकली नाही आमची." शेवटचं वाक्य ते माझ्याकडे बघून बोलले.

मला वाटत होतं, त्यांना नदीची आठवण नको असते. खरं म्हणजे इतक्या वर्षांत आम्ही कुणी त्यांना विचारलंच नव्हतं. आम्हाला वाटायचं, न विचारणं म्हणजे जपणं.

रायबंदरच्या धक्क्यावर चोडणची फेरी यायला वेळ होता. समोर दोरीला बांधलेली एक होडी होती. बाबा म्हणाले, "तिच्याकडे बघत राहा. आता पाणी फिरेल." पंधरा-वीस मिनिटं आम्ही काहीही न बोलता बसलो. होडी हळूहळू आडवी झाली आणि मग तिने तोंड पार उलट्या दिशेला वळवलं. तिला कुणी हातही लावला नव्हता.

"सुकती लागली," बाबा म्हणाले.

मयेचा चढ आम्ही सायकली ढकलत पार केला. घरी पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं आणि बाबांच्या पाळीची वेळ झाली होती. डबा घेऊन निघताना ते दारात थांबले.

"पुढच्या रविवारी मोकळी आहेस? कुंभारजुव्याला जाऊ. कालवा दाखवतो तुला."