बाळ दचकत नव्हतं

बारसं होऊन दोन-चार दिवस झाले असतील. बाळ दूध ओढेना, सारखं झोपून राहायला लागलं. "नजर लागली गं," म्हणत माझ्या आईने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. ताप नाही, अंगावर पुरळ नाही. जवळच्या दवाखान्यात गॅस म्हणून थेंब मिळाले. संध्याकाळी डावा हात उडायला लागला. दचकतंय, असं सगळे म्हणाले. मी तो हात माझ्या मुठीत धरला, तरी आतल्या आत ठेक्यात उडतच राहिला, आणि ओठाचा कोपराही त्याच तालावर. दचकणाऱ्या बाळाचा हात धरला की थांबतो. हा थांबेना. तशीच रिक्षा केली.

मोठ्या हॉस्पिटलात मणक्यातलं पाणी काढायचं म्हटल्यावर घरचे बिथरले. पोर पांगळं होईल! डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "ताई, मज्जारज्जू संपतो त्याच्या खालून पाणी घेतात. सही करा. औषध मात्र रिपोर्टची वाट न बघता आत्ताच सुरू करतेय." तो निर्णय आमच्या बाळाच्या कामी आला, असं मी मानते.

मेंदूला हर्पीसचा संसर्ग. नाव ऐकून सासरच्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरलेले नाही. हा विषाणू बहुतेक बाळांना जन्माच्या वेळी आईकडून मिळतो आणि त्यातल्या बऱ्याच आयांना तो आपल्या अंगात आहे हे ठाऊकच नसतं. काहींना नंतर मिळतो, ओठावर फोड आलेल्या कुणाच्या तरी पाप्यातून. आमच्याकडे कुठून आला, ते कळलं नाही. बारशाला पापे काय कमी घेतले होते?

असायक्लोविर, शिरेतून, दर आठ तासांनी, 21 दिवस. हातापायाला शीर मिळेनाशी झाली तेव्हा जावळ भादरून डोक्याला सुई लावली. मूत्रपिंडावर ताण येतो म्हणून सिस्टर ओल्या लंगोटांचंही वजन करायच्या. शेवटी पुन्हा पाणी तपासलं, विषाणू सापडला नाही, तेव्हा सुट्टी. पुढे सहा महिने तेच औषध तोंडाने.

बाळ उशिरा बसलं. डावा हात अजून मागे आहे, फिजिओथेरपी आणि फिटचं औषध चालू आहे. उपचार नसतील तर अशी निम्मी बाळं दगावतात, म्हणून मी तक्रार करत नाही.

तुम्ही बाळ बघायला जाल तेव्हा तोंडाला तोंड लावू नका. ओठावर फोड असेल तर जाऊच नका. आणि महिन्याच्या आतलं बाळ पिईनासं झालं, तर ताप यायची वाट न बघता त्याला मोठ्या दवाखान्यात न्या.