आठ दिवसांचें डबकें

२०२२ सालच्या आषाढांत मी मुलीकडे, अमेरिकेंतील अॅरिझोना संस्थानांत टूसॉन शहरीं होतें. भोंवतालीं सोनोराचें वाळवंट, उंच निवडुंग आणि महिने न् महिने कोरडें आभाळ. येथें बेडूक ओरडतील असें कुणीं सांगितलें असतें तर मी ती थट्टाच समजलें असतें.

पण एका सायंकाळीं गडगडाटी पाऊस कोसळला, आणि अंधार पडतांच घरामागच्या पडीक जागेंतून मेंढरें बें बें करावींत तसा आवाज येऊं लागला. विजेरी घेऊन जांवईबापूंसह पाहूं गेलें, तों डबक्याकांठीं भेकांचा मेळाच भरलेला! तीन-तीन इंचांचे, हिरवट-पिंवळ्या अंगावर काळपट जाळी उमटलेले, डोळ्यांतली बाहुली मांजरासारखी उभी. मागल्या तळव्यांना काळी, कोयत्यासारखी वांकडी कड असते. तिनें माती लोटीत हा प्राणी पाठमोराच जमिनींत उतरतो, म्हणून नांव ‘स्पेडफूट’, फावड्या पायाचा. काऊच नामक लष्करी अधिकाऱ्याचें नांव या जातीला मिळालें आहे. शास्त्रज्ञ याला खऱ्या भेकांत गणीत नाहींत. तो वाद त्यांच्याकडेच असूं द्यावा.

वर्षांतले आठ-दहा महिने हा जमिनीखालीं काढतो. शरीरांत युरिया सांठवून अंगांतलें पाणी मातीला जाऊं देत नाहीं. पावसाच्या व गडगडाटाच्या कंपानें याला जाग येते. एक-दोन रात्रीं भरपेट वाळवी खाल्ली कीं वर्षाची बेगमी झाली. त्याच रात्रीं विवाह उरकतात. एकेका मादीचीं तीन हजारांपर्यंत अंडीं पाण्यांत पडतात, दिवसाभरांत फुटतात, आणि पिलांना सात-आठ दिवसांतही चार पाय फुटून शेंपटी गळूं शकते. आपल्याकडच्या बेडकांना याला कैक आठवडे लागतात. पण येथें डबकें तितकें टिकणार कुठें?

आमचें डबकें सहाव्या दिवशीं परातीएवढें उरलें. नात रडकुंडीला आली. “आजी, नळाचें पाणी घालूं या ना!”

नळाच्या पाण्यांतलें औषध पिलांना मानवणार नाहीं, असें जांवईबापू म्हणाले. मग पन्हळीखालच्या पिंपांतलें पावसाचें पाणी दोन बादल्या ओतलें. सृष्टीच्या व्यवहारांत हात घालूं नये हें मला कळत होतें; सात वर्षांच्या मुलीपुढें मी तें बोललें नाहीं.

नवव्या दिवशीं तळाशीं नुसता चिखल होता. कांहीं पिलें त्यांतच वाळलीं. कांहींच्या मागें शेंपटीचा ठिपका अजून होता, तरी तीं चिंचोक्याएवढीं पिलें ओल्या भेगांतून वाळूकडे सरकत होतीं. नातीनें सत्तावीसपर्यंत मोजलीं. मग अंधार झाला.