सेल्फ, करंट, पेट्रोल

गाडी सुरू होत नसेल तर काय करायचं? पुण्यात माझा फण्डा एकदम क्लिअर आहे. आधी वैतागायचं, मग हेल्पलाइनला फोन लावायचा आणि मेकॅनिक येईपर्यंत कॉफी प्यायची. पण फोनला रेंजच नसेल तर?

मार्चमधली दुपार होती. गडचिरोली जिल्ह्यातल्या सूरजागडहून मी एटापल्लीकडे निघाले होते. लोहखनिजाच्या या डोंगरावर स्टोरी करायला दोन दिवस आले होते. माडिया लोकांच्या ठाकूरदेवाचा हा डोंगर. दर जानेवारीत इथं यात्रा भरते. डिसेंबर २०१६ मध्ये इथंच माओवाद्यांनी खाणीच्या कामावरची ७० हून जास्त वाहनं जाळली होती. २०२१ पासून खाण पुन्हा जोरात सुरू झाली. थोडक्यात, हेडलाइन्सची कमी नव्हती!

परतायला लिफ्ट मिळाली ती एका पिकअपची. पिकअप म्हणजे काय, तर माझ्या वयापेक्षा मोठी पेट्रोल जीप, मागचा भाग कापून हौदा लावलेली. गाडीवाले भाऊ पन्नाशीचे. सोबत बारावीची एक मुलगी. दुसऱ्या दिवशी तिचा पेपर होता आणि संध्याकाळपर्यंत तिला अहेरीच्या होस्टेलवर पोचायचं होतं. वाटेत टपरीवर आम्ही चहाला थांबलो, अर्ध्या तासाने परत बसलो आणि... खर्र, खर्र, खर्र. गाडी ढिम्म.

मी लगेच डोकं लढवलं. डॅशबोर्डवरचा चोक ओढला. बाबांची जुनी बाइक थंडीत अशीच सुरू व्हायची ना!

‘‘मॅडम, गरम गाडीले चोक नाही लावत जी,’’ भाऊंनी शांतपणे तो आत ढकलला.

तुम्ही माझ्याच पिढीचे असाल तर कार्बोरेटर हे प्रकरण तुम्हालाही ऐकूनच माहीत असणार. आपल्याकडच्या कार २००० च्या आसपास फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या बाइक्समधूनही कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. त्याचं काम तसं सोपं. इंजिन हवा ओढतं, ती हवा एका अरुंद गळ्यातून जोरात जाते आणि जाता जाता बारीक भोकातून पेट्रोल ओढून घेते. एक ग्रॅम पेट्रोलला साधारण पंधरा ग्रॅम हवा. चोक लावला की हवा कमी होते, पेट्रोलचं प्रमाण वाढतं. थंड इंजिनाला ते हवं असतं. गरम इंजिनात मात्र प्लग भिजतात आणि गाडी आणखीच रुसते. म्हणजे मी मदत नाही, घोळ घालत होते!

‘‘गाडीले तीनच गोष्टी लागतात. सेल्फ, करंट आन् पेट्रोल. एकेक पाहू,’’ भाऊ म्हणाले.

सेल्फ तर जोरात फिरत होता. म्हणजे बॅटरी ठीक. मग त्यांनी एक प्लग काढला, वायरीला जोडून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि मुलीला सेल्फ मारायला सांगितलं. टक्, टक्, निळी ठिणगी! करंट ओके. पण प्लग कोरडा खडखडीत होता. म्हणजे पेट्रोलच पोचत नव्हतं.

आता ठिणगी उडू नये म्हणून त्यांनी कॉइलची वायर काढली आणि टपरीवाल्याला चूल विझवायला लावली. कार्बोरेटरला येणारा पाइप सोडून बाटलीत धरला. परत सेल्फ. दोन थेंब पडले, बस.

‘‘उन्हानं एअर धरली असंल,’’ भाऊ म्हणाले. पेट्रोल तापून पाइपात त्याची वाफ झाली की पंप नुसती वाफच ढकलत बसतो. त्यांनी दुपट्टा भिजवून पंपावर टाकला. आम्ही थांबलो. मुलगी हौद्याला टेकून नोट्स वाचत होती, पण पान काही उलटत नव्हतं. मी चौथ्यांदा घड्याळ पाहिलं. परत सेल्फ... परत दोनच थेंब.

मी असते तर दुपट्टा पुन्हा भिजवला असता. भाऊ म्हणाले, ‘‘नाही, आपलं चुकलं,’’ आणि पंपाखालची काचेची वाटी खोलायला बसले. वाटीवरची धूळ पुसली तर आत तळाशी लालभडक गाळ. बारीक जाळी पूर्ण बुजलेली.

माझ्यातली पत्रकार एकदम जागी झाली! सकाळपासून खनिजाचे ट्रक धुरळा उडवत जाताना पाहत होते. लाल धुळीने पेट्रोलची टाकीसुद्धा सोडली नाही; स्टोरीचं इंट्रो आयतंच तयार होतं. मी ते भाऊंना बोलूनही दाखवलं.

त्यांनी मला टाकीजवळ नेलं. झाकणाच्या जागी चिंधी कोंबली होती. ‘‘झाकण दिवाळीत हरपलं. धूळ रस्त्याची हाय, पण चिंधी माही हाय जी.’’

जाळी धुतली, वाटी बसवली, पंपाची दांडी हाताने दहा-बारा वेळा हलवली. पाइपातून पेट्रोलची पिचकारी उडाली. सगळं परत जोडल्यावर दुसऱ्याच सेल्फला गाडी सुरू! मुलीने वही मिटली आणि पहिल्यांदा हसली.

वाटेत भाऊ सांगत होते, मुलगा नवी पिकअप घे म्हणून मागे लागलाय. कर्ज मिळतंय, कामही आहे. नवी गाडी पहाटे एका झटक्यात सुरू होते, पेट्रोल जाळत सुटत नाही, हे त्यांना पटतं. ‘‘पण ते बंद पडली त कंप्युटर लावा लागते. तो कंप्युटर इथं कुठं?’’ त्यांचं अजून ठरलेलं नव्हतं.

अंधार पडायच्या आत मुलगी होस्टेलच्या फाटकात शिरली. मी मात्र रात्री लॉजवर लॅपटॉप उघडून बराच वेळ नुसती बसून होते. धुळीचं इंट्रो सॉलिड जमलं असतं. रस्त्यावर धूळ खरंच होती आणि टपरीवाला तिच्यावर वैतागलाही होता. ते मी लिहिलं. पेट्रोलच्या टाकीचं वाक्य मात्र काढून टाकलं.

मास कॉमला क्रॉस-चेकिंगवर अख्खा पेपर होता. मला त्यात चांगले मार्क होते. पण पटलेलं कारण हातात आल्यावर आणखी एक वाटी खोलून बघायची असते, हे मात्र त्या टपरीसमोर कळलं.

आणि हो, पुण्याला यायच्या आधी अहेरीच्या बाजारात टाकीचं झाकण शोधलं. त्या मापाचं मिळालं नाही.