बोस यांचा खडा आणि कोळशाची राख

कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जगदीशचंद्र बोस यांनी 1901 मध्ये अमेरिकेत पेटंटसाठी अर्ज केला. गॅलेनाचा, म्हणजे शिशाच्या सल्फाइडचा, एक चकाकता खडा आणि त्याला जेमतेम टेकलेले धातूचे टोक. एवढ्यावर त्यांचा विद्युत्चुंबकीय लहरींचा शोधक उभा होता. संशोधनावर मालकी सांगणे बोस यांना मुळीच रुचत नसे; हा अर्जही स्नेह्यांच्या आग्रहाखातर झालेला. 1904 मध्ये ते पेटंट मंजूर झाले. अर्धवाहक उपकरणाचे जगातील पहिले पेटंट म्हणून आज ते ओळखले जाते.

डिसेंबर 1947 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्फटिक आणि धातूची टोके पुन्हा एकत्र आली. या वेळी स्फटिक जर्मेनियमचा होता आणि त्यातून ट्रान्झिस्टर जन्मला. त्याच्या निर्मात्यांपैकी वॉल्टर ब्रॅटन यांनी पुढे बोस यांच्या अग्रक्रमाची मोकळेपणाने नोंद केली.

पुढे सिलिकॉनने जर्मेनियमला मागे सारले. तरी ते निवृत्त झाले नाही, त्याने फक्त घर बदलले. प्रकाशतंतूच्या गाभ्यातील काचेत जर्मेनियमचे ऑक्साइड मिसळतात. त्याने गाभ्याचा अपवर्तनांक वाढतो आणि प्रकाश बाहेर न सांडता मैलोगणती धावतो. वाचकाच्या हातातील हा मजकूरही बहुधा त्याच वाटेने आला असेल. अशा तंतूंवर कोलकात्यातच, जादवपूरच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेत, काम चालते. रात्री उष्णतेवरून पाहणाऱ्या कॅमेऱ्याचे भिंगही अनेकदा जर्मेनियमचे असते. डोळ्यांना अपारदर्शक, अवरक्त किरणांना मात्र आरपार.

अडचण पुरवठ्याची आहे. जर्मेनियम मुख्यतः जस्ताच्या खनिजातून आणि कोळशाच्या राखेतून उपउत्पादन म्हणून मिळते. सर्वांत मोठा उत्पादक असलेल्या चीनने 1 ऑगस्ट 2023 पासून त्याच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. त्याआधी जूनमध्येच भारताने आपल्या 30 अत्यावश्यक खनिजांच्या यादीत त्याला स्थान दिले होते, कारण आपली गरज आयातीवरच भागते.

कोळशात जर्मेनियम असल्याचे गोल्डश्मिट यांनी 1930 मध्येच दाखवले होते. कोल इंडियाचे मुख्यालय कोलकात्यातच आहे आणि औष्णिक केंद्रांत राखेचे डोंगर साचतात. अर्थात प्रत्येक डोंगर ही खाण नव्हे. कोळशागणिक प्रमाण बदलते आणि ते वेगळे करणे खर्चिक असते. म्हणूनच राख सिमेंटच्या कारखान्याकडे निघण्यापूर्वी तिची परीक्षा व्हायला हवी. ती एकदा भिंतीत चिणली गेली की तिच्यातले जर्मेनियम कोणाच्याच हाती लागणार नाही.