हळदीची नटी

वरळी कोळीवाड्यात तिची ओळख करून घ्यायची असेल, तर लग्नाच्या आदल्या रात्री या. अरुंद गल्लीत मांडव पडलेला असतो, नवरदेवाच्या अंगाला हळद लागलेली असते, आणि बँडवाल्याने ठेका धरला की ती येते. कोळीगीत हे तिचं बाहेरच्या जगातलं नाव. गल्लीत तिला कुणी नावाने बोलावत नाही. बँडवाल्याला नुसतं ‘आता आपलं होऊ दे’ म्हटलं की त्याला कळतं.

स्वभावाने ती पक्की चेष्टेखोर. ओळखीची चाल घ्यायची आणि त्यात समोर बसलेल्या माणसांची नावं घालायची, हा तिचा जुना खेळ. नवरदेवाची आळशी झोप, होणाऱ्या सासूचा तोरा, करवलीचा नट्टापट्टा, संध्याकाळपासून ‘थोडीशीच’ घेत बसलेले मामा, कुणाची सुटका नाही. ज्याचं नाव निघेल त्याने उठून नाचायचं, एवढाच दंड. रागावायची सोय नाही, कारण रागावलेल्याचं नाव ती पुढच्या कडव्यात पुन्हा घेते.

नटी म्हणून तिची खरी करामत इथे दिसते. एकाच गाण्यात ती रुसलेली बायको होते, लगेच आवाज बदलून समजूत काढणारा नवरा होते, आणि मध्येच भोचक शेजारीणही होऊन जाते. शेवटचा शब्द तोंडाशी आणून ती क्षणभर थांबते आणि तो अख्ख्या मांडवाकडून वदवून घेते. रंगभूमीवर वर्षानुवर्षं घासूनही ही वेळ साधत नाही अशी माणसं असतात. ही ते ओट्यावर बसल्या बसल्या शिकली.

शिकली मासळीच्या बाजारात, असं माझं ठाम मत आहे. मासे धरायला पुरुष जातो, पण मासे विकायला बाई बसते. दादरच्या बाजारात पापलेटाला हात लावून नाक मुरडणाऱ्या गिऱ्हाइकाला जागच्या जागी उत्तर द्यायचं, त्याला दुखवायचं नाही आणि भाव तर उतरू द्यायचा नाही, हे रोजचं काम. पैसा बाईच्या हातून घरात येतो, म्हणून गाण्यातही शेवटचं वाक्य बाईचंच असतं. नवरा कितीही ऐटीत आला तरी कडवं संपताना तो निरुत्तर होतो. तिच्या विनोदाचं मूळ या कमाईत आहे.

मात्र एका व्यक्तीसमोर ही खट्याळ बाई पदर सावरून गप्प बसते. ती म्हणजे तिची मोठी आत्या, धवला, म्हणजे लग्नविधीचं गाणं. कोळी-आगऱ्यांच्या लग्नात धवले म्हणणारी धवलारीण बसते आणि संथ, लांबत जाणाऱ्या सुरात देवांना आवतण देते, नवरानवरीला आशीर्वाद देते. तिच्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. तिथे वाद्य नाही, टाळी नाही. आत्याचं म्हणून झालं की मगच भाचीने कंबर कसायची, हा घरचा दंडक.

चालण्याची तिची लय बहुतेक वेळा सहा मात्रांची. वल्हं ओढायचं, सोडायचं, पुन्हा ओढायचं, ही हालचाल तिच्या नाचात आजही तशीच आहे. समोरासमोर दोन रांगा उभ्या राहतात आणि पाण्याचा थेंब नसताना सगळ्यांचे खांदे एकदम पुढे झुकतात.

मग एक दिवस ती स्टुडिओत गेली. तिच्यासाठी शब्द लिहिले शांता शेळके यांनी. त्यांचा जन्म १९२२ सालचा, इंदापूरचा, आणि बालपण गेलं मंचरकडे, समुद्रापासून दूर. चाली दिल्या हृदयनाथ मंगेशकरांनी. ‘मी डोलकर’मध्ये लता मंगेशकरांच्या सोबतीला आवाज आला हेमंतकुमारांचा, म्हणजे एका बंगाल्याचा. या मंडळींनी तिला कोळीवाड्याबाहेरच्या घराघरांत नेलं. बोंबील कधी न चाखलेली माणसंसुद्धा तिच्या तालावर डोलू लागली. या गाण्यांवर माझं अतोनात प्रेम आहे. वाट पाहणाऱ्या बाईच्या पोटातली कालवाकालव ‘वादळ वारं’मध्ये ज्या तऱ्हेने येते, तसं समुद्राचं भय मराठी गाण्यात क्वचितच आलं असेल. पण त्या स्टुडिओत तिने आपला विनोद दाराबाहेर ठेवला. मामांचं नाव नाही, सासूचा तोरा नाही. ती तिथे थोर गायिका झाली आणि नटी मागे राहिली. १९७६ च्या ‘हा खेळ सावल्यांचा’ या चित्रपटात सुधीर मोघे यांनी तिला गोमूच्या रूपात आणलं, तेव्हा आशा भोसले आणि हेमंतकुमार यांच्या सवालजवाबात तिला निदान पुन्हा थोडी थट्टा करायला मिळाली.

थट्टा पुरती परत आणली ती शाहिरांनी आणि कॅसेटवाल्यांनी. शाहीर विठ्ठल उमपांच्या पहाडी आवाजात तिला पुन्हा घाम फुटला, शाहीर साबळ्यांच्या ‘महाराष्ट्राची लोकधारा’त तिला मोठा रंगमंच मिळाला. आणि वेसाव्याच्या ‘वेसावकर आणि मंडळी’ने तर पारू नावाच्या कोळणीच्या रूपात तिला अशी नाचवली की कोल्हापुरापासून नागपुरापर्यंत वराती तिच्यावाचून निघेनात.

दिसण्याबद्दल ती फार जागरूक असते. अंगभर सोनं, अंबाड्यावर वेणी, चापूनचोपून नेसलेलं लुगडं. शाळेच्या स्नेहसंमेलनात भाड्याच्या कपड्यांत, प्लास्टिकचा मासा टोपलीत घालून तिला उभी केली की ती रुसते, आणि मला तिचं रुसणं पटतं. ते वर खोचलेलं लुगडं शोभेसाठी नाही. चिखलापाण्यात उतरून होडीतून मासळी उचलता यावी म्हणून आहे. लहान मुलांनी तिच्या तालावर जरूर नाचावं. पण शिकवणाऱ्या बाईंनी एकदा पहाटे बंदरावर जाऊन ती टोपली किती जड असते ते उचलून बघावं.

सोंग बदलायला तिला वेळ लागत नाही. चैत्रात कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरा आईसमोर तीच बाई भक्तीण असते, गळ्यात हुंदका घेऊन. गणपतीत ती शब्दांवाचून येते. बेंजो आणि ताशा तिची चाल वाजवतात, शब्द रस्त्यावरची गर्दी पुरवते. लालबागच्या राजापुढे नाचताना तर ती स्वतःच्या घरी असल्यासारखी वागते, आणि तो तिचा हक्कच आहे: १९३४ साली ते मंडळ उभं राहिलं ते बाजाराच्या हक्काच्या जागेसाठी कोळी आणि व्यापाऱ्यांनी केलेल्या नवसातून.

तिचा राग मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नसतो. २००९ साली सागरी सेतू उघडला आणि वरळी गावाच्या समोरचं पाणी बदललं. मग किनारी रस्ता आला. बोटी ज्या वाटेने समुद्रात जातात त्या वाटेवर खांब येणार, आणि दोन खांबांमधलं अंतर ठरलं होतं ६० मीटर. भरतीच्या ओढीत, वाऱ्यात, जाळ्यांनी लादलेली बोट एवढ्या फटीतून न्यायची म्हणजे जिवाशी खेळ. कोळी बांधवांनी काम अडवलं, आणखी रुंद वाट मागितली. २०२२ च्या अखेरीस सरकारने १२० मीटरचं अंतर मान्य केलं. या लढ्याची बातमी रस्त्यांच्या आणि पुलांच्या पानावर छापून आली. माझ्या मते ती संगीताच्या पानावरही यायला हवी होती. बोट आत गेली नाही तर मासळी नाही, मासळी नाही तर बाजारातलं बोलणं नाही, आणि ते बोलणं नसेल तर हळदीच्या रात्री ही बाई बोलणार कशाच्या जोरावर?

सध्या तिची तब्येत तशी ठणठणीत आहे. कोळीवाड्यातली तरुण मुलं आपल्या बोलीत नवी गाणी लिहितात, फोनवरच चित्रित करतात, आणि ती गाणी गावागावांत वाजतात. डीजेच्या भिंतीपुढे तिचे निम्मे शब्द ऐकू येत नाहीत याचं मला वाईट वाटतं. मामांची टिंगल ऐकूच आली नाही तर मामा उठणार कसे? तरी ती तगेल. नारळी पौर्णिमेला सोनेरी वेष्टनातला नारळ बंदराकडे निघतो तेव्हा मिरवणुकीच्या पुढे तीच असते, आणि त्या दिवशी तिचा आवाज दाबायची कुणाची छाती नाही.

काळजी वाटते ती आत्याची. धवले म्हणणाऱ्या बायका थोड्या राहिल्या आहेत, आणि त्यांचं गाणं कुठल्याही कॅसेटवर पुरतं उतरलेलं नाही. एकेका घराण्याचे शब्द एकेकीच्या तोंडी आहेत. जून-जुलैत मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्याला असतात, घरात थोडी उसंत असते. ज्यांच्या घरी धवले म्हणणारी आजी आहे त्यांनी या पावसाळ्यात तिच्याजवळ बसावं आणि तिचे शब्द उतरवून घ्यावेत. मागच्या हळदीला कुणी कुणावर काय जोडलं होतं, तेही त्याच वहीत लिहून ठेवावं.